‘रेड टेप’ ते ‘लालफीत’ : एका वाक्प्रचाराचा उगम, अर्थविस्तार आणि मराठीतील स्थलांतर

प्रस्तावना

इंग्रजीतील काही वाक्प्रचार मराठीत इतके रुळले आहेत की त्यांचे परकेपण जाणवत नाही. ‘लालफीत’ हा असाच एक शब्द आहे. ‘प्रस्ताव लालफितीत अडकला’, ‘लालफितीचा कारभार’, ‘लालफीतशाही’ असे प्रयोग मराठी वृत्तपत्रांत, विधिमंडळातील चर्चेत आणि शिक्षकांच्या रोजच्या बोलण्यातही आढळतात. मूळ इंग्रजी शब्द ‘रेड टेप’ असून त्याचा हा शब्दशः अनुवाद आहे. अनुवाद सोपा असल्यामुळे शब्दाविषयी फारसा प्रश्न उपस्थित होत नाही. तथापि ही फीत कोणती, ती लालच का, कागद बांधण्याच्या एका साध्या साधनाला दिरंगाईचा अर्थ केव्हा व कसा चिकटला आणि हा अर्थ न्याय्य आहे काय, हे प्रश्न भाषेच्या तसेच प्रशासनाच्या अभ्यासकाला महत्त्वाचे वाटावेत असे आहेत.

या विषयाला अध्यापनाच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. वाक्प्रचारांच्या उगमाविषयी अनेक आकर्षक कथा प्रचलित असतात आणि त्या वर्गात सांगितल्याही जातात. कथा रंजक असणे आणि ती प्रमाणित असणे या दोन भिन्न गोष्टी होत. ‘रेड टेप’ हे हा भेद स्पष्ट करण्यासाठी उत्तम उदाहरण आहे; कारण त्याच्या उगमाविषयी किमान तीन कथा सांगितल्या जातात आणि त्या कालक्रमाच्या व अर्थाच्या निकषावर तपासता येतात. प्रस्तुत लेखात प्रथम शब्दाचा अर्थ, त्यानंतर उगमकथांची तपासणी, पुढे अर्थपरिवर्तनाचा इतिहास आणि शेवटी भारतीय व मराठी संदर्भ या क्रमाने विवेचन केले आहे.

शब्दाचा अर्थ

आजच्या इंग्रजीत ‘रेड टेप’ म्हणजे अनावश्यक नियम, मंजुऱ्या व कागदपत्रे यांच्यामुळे कामास होणारा विलंब. हा शब्द केवळ सरकारी कचेरीपुरता मर्यादित नाही. बँका, विमा कंपन्या, विद्यापीठे, रुग्णालये यांच्या कार्यपद्धतीलाही तो लावला जातो. त्याच्याशी ‘कापणे’ हे क्रियापद विशेषत्वाने जोडले जाते. मंत्री किंवा व्यवस्थापक ‘लालफीत कापण्याचे’ आश्वासन देतात. क्रियापदाची ही निवड सूचक आहे. जे बांधलेले आहे ते सोडवायचे नाही, तर कापायचे आहे, अशी अधीरता तीत व्यक्त होते.

शब्दाचे दोन घटक लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिला घटक वस्तुवाचक आहे : कागदांचे पुडके बांधण्याची लाल रंगाची अरुंद सुती फीत. दुसरा घटक लाक्षणिक आहे : नियमांचा अतिरेक. उगमाचा शोध घेताना या दोहोंचा इतिहास स्वतंत्रपणे पाहावा लागतो. लाल फीत प्रथम कोणी वापरली हा एक प्रश्न आहे. लाल फितीला उपहासाचा अर्थ प्रथम कोणी दिला हा वेगळा प्रश्न आहे. बहुतेक प्रचलित कथांमध्ये या दोन प्रश्नांची गल्लत झालेली दिसते.

उगमाच्या प्रचलित कथा

पहिली कथा सोळाव्या शतकातील स्पेनची आहे. सम्राट पाचवा चार्ल्स याच्या कचेरीत राज्याच्या दृष्टीने महत्त्वाची, तातडीने निर्णय घ्यावयाची कागदपत्रे लाल फितीने आणि इतर किरकोळ कागदपत्रे साध्या दोरीने बांधली जात, असे सांगितले जाते. ही कथा खरी मानली तरी तिच्यातून निघणारा अर्थ आजच्या अर्थाच्या नेमका विरुद्ध आहे. तेथे लाल फीत ही प्राधान्याची खूण ठरते, विलंबाची नव्हे. प्राधान्यापासून विलंबापर्यंतचा प्रवास ही कथा स्पष्ट करत नाही.

दुसरी कथा इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या घटस्फोटाशी निगडित आहे. राणी कॅथरीन ऑफ ॲरागॉन हिच्याशी झालेला विवाह रद्द ठरवावा, यासाठी इंग्लंडमधील सरदार व धर्माधिकारी यांनी १५३० मध्ये पोप सातवा क्लेमेंट याच्याकडे एक अर्ज पाठवला. हा अर्ज व्हॅटिकनच्या अभिलेखागारात जतन केलेला असून त्याला ८१ लाखमुद्रा लाल रेशमी फितींनी जोडलेल्या आहेत. दस्तऐवज अस्सल आहे आणि त्याच्या फितीही लाल आहेत. पोपने निर्णय लांबणीवर टाकला हेही ऐतिहासिक सत्य आहे. परंतु त्या काळातील इंग्रजीत ‘रेड टेप’ हा शब्द विलंबाच्या अर्थाने योजला गेला असल्याचा दाखला या प्रकरणातून मिळत नाही. दोन खऱ्या घटना शेजारी ठेवल्याने त्यांच्यात कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही.

तिसरी कथा अमेरिकेत लोकप्रिय आहे. अमेरिकन यादवी युद्धातील (१८६१-६५) सैनिकांच्या सेवानोंदी लाल फितीने बांधलेल्या असत आणि निवृत्तिवेतनासाठी त्या शोधून काढणे दुष्कर होते. त्यावरून हा शब्द रूढ झाला, असे ती सांगते. येथे कालक्रमच कथेचे खंडन करतो. थॉमस कार्लाइल आणि चार्ल्स डिकन्स या दोघांच्या लेखनात हा शब्द उपहासाच्या अर्थाने १८५० च्या आसपासच आलेला आहे. जे युद्ध १८६१ मध्ये सुरू झाले ते १८५० मधील शब्दप्रयोगाचे कारण असू शकत नाही.

या तीन कथांच्या तपासणीतून एक उपयुक्त पद्धती हाती येते. कोणत्याही उगमकथेला तीन प्रश्न विचारावेत : कथेतील घटना शब्दाच्या ज्ञात प्रयोगापूर्वीची आहे काय? कथेतून निघणारा अर्थ शब्दाच्या रूढ अर्थाशी जुळतो काय? घटना आणि शब्दप्रयोग यांना जोडणारा लिखित दुवा उपलब्ध आहे काय? स्पेनची कथा दुसऱ्या प्रश्नाला, हेन्रीची तिसऱ्या प्रश्नाला आणि अमेरिकेची पहिल्या प्रश्नाला अडखळते.

फीत : एक वस्तू

लिखित पुरावा मात्र साधा आणि काहीसा नीरस आहे. सतराव्या शतकापासून इंग्लंडमधील वकील व सरकारी लिपिक आपली कागदपत्रे लाल फितीने बांधत असत. १६५८ मधील लंडनच्या एका वृत्तपत्रात लाल फितीने बांधलेले कागदांचे पुडके हरवल्याची जाहिरात आढळते. त्या जाहिरातीत फितीचा उल्लेख वस्तू ओळखण्याची खूण म्हणून आलेला आहे. तीत उपहास नाही. त्याच शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील मेरीलँड वसाहतीच्या कायद्यांतही लाल फितीने मुद्रांकित केलेल्या नकाशाचा उल्लेख येतो.

ही फीत पूर्णतः लाल नव्हती, तर तिचा रंग गुलाबीकडे झुकणारा होता. इंग्लंडमधील बॅरिस्टर आपली प्रकरणे आजही गुलाबी फितीने बांधतात. हा रंग देण्यासाठी करडईच्या फुलांपासून काढलेला रंगही वापरला जात असे. संस्कृतात ‘कुसुंभ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या फुलांची एकोणिसाव्या शतकात भारतातून, विशेषतः ढाक्याच्या परिसरातून, इंग्लंडला निर्यात होत असे. महाराष्ट्रात करडई मुख्यतः तेलबी म्हणून परिचित आहे. तिच्या फुलांचा लंडनच्या कचेऱ्यांशी असा संबंध होता, हे सहसा ध्यानात येत नाही. फितीच्या विणकामाचाही एक उद्योग उभा राहिला होता. डर्बीशायरमधील वर्क्सवर्थ या गावातील गिरण्या सरकारी कचेऱ्यांसाठी लाल फीत विणण्याबद्दल प्रसिद्ध होत्या. एका क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूसाठी गिरण्या चालाव्यात, यावरून त्या काळातील कागदी व्यवहाराच्या व्याप्तीची कल्पना येते.

वस्तूपासून लक्षणेपर्यंत

वस्तूला लाक्षणिक अर्थ कसा मिळाला, हे समजून घेण्यास भारतीय साहित्यशास्त्रातील लक्षणेचा विचार उपयोगी पडतो. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेसाठी तीन अटी सांगितल्या आहेत : मुख्य अर्थाचा बाध होणे, मुख्य अर्थाशी लक्ष्यार्थाचा संबंध असणे आणि रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एक असणे. ‘प्रस्ताव लालफितीत अडकला’ या वाक्यात फितीने प्रस्ताव खरोखर अडत नाही, म्हणून मुख्यार्थाचा बाध होतो. फीत आणि कचेरीची कार्यपद्धती यांत साहचर्याचा संबंध आहे. प्रारंभी उपहास हे प्रयोजन होते. पुढे वापर वाढून शब्द रूढ झाला. म्हणजेच प्रयोजनवती लक्षणा कालांतराने रूढिलक्षणा झाली. आज शब्द वापरणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फीत येत नाही, हे रूढीचेच लक्षण होय.

कचेरीच्या शब्दसंग्रहात असे अर्थपरिवर्तन अपवादात्मक नाही. ‘ब्युरो’ या फ्रेंच शब्दाचे मूळ मेजावर अंथरल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या लोकरी कापडाच्या नावात आहे. कापडावरून मेज, मेजावरून कचेरी आणि कचेरीवरून नोकरशाही असा त्याचा प्रवास झाला. ‘फाइल’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील सूतवाचक शब्द आहे; पूर्वी कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवले जात. मराठीतील ‘दप्तर’ फारसीतून आले आणि फारसी शब्दाचे मूळ कातड्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दात आहे. संस्कृत ‘ग्रंथ’ शब्दाच्या धातूचा अर्थही गाठणे, गुंफणे असा आहे. लिहिलेले जपायचे तर ते बांधावे लागते, हा अनुभव सर्वच संस्कृतींचा आहे. बांधण्याच्या साधनावरून बांधलेल्या गोष्टीला नाव मिळते. ‘रेड टेप’चे वेगळेपण एवढेच की त्याला नावाबरोबर निंदाही मिळाली.

निंदेचा हा प्रवास टप्प्याटप्प्याने झाला. लॉर्ड हर्वे यांच्या १७३६ मधील एका पद्यात तत्कालीन मंत्री विल्मिंग्टन यांचा उपरोधाने उल्लेख करताना लाल फीत आलेली आहे. तेथे ती पोकळ गांभीर्याची खूण आहे. खरा प्रसार झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. कार्लाइल यांनी १८५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘लॅटर-डे पॅम्फ्लेट्स’ या लेखमालेत ब्रिटिश राज्यकारभारावर टीका करताना हा शब्द वारंवार योजला. डिकन्स यांच्या १८४९-५० मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ या कादंबरीत फितीने हातपाय जखडलेल्या ब्रिटानियाचे चित्र येते. ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ या आपल्या साप्ताहिकात डिकन्स यांनी ऑक्टोबर १८५० मध्ये एका गरीब कारागिराची कथा लिहिली. आपल्या शोधाचे पेटंट मिळवण्यासाठी त्याला ३५ टप्पे पार करावे लागतात आणि सुमारे ९६ पौंड खर्च येतो. १८५२ मध्ये इंग्लंडमधील पेटंटचा कायदा सुधारण्यात आला. फेब्रुवारी १८५१ मध्ये याच साप्ताहिकात त्यांनी ‘रेड टेप’ या नावाचाच लेख लिहून १६९६ पासून चालत आलेल्या खिडकीकराची खिल्ली उडवली. हा कर त्याच वर्षी रद्द झाला. या सुधारणांचे श्रेय एकट्या डिकन्सना देणे अतिशयोक्तीचे ठरेल. तथापि त्यांच्या लेखणीने एका वैतागाला नाव दिले आणि नाव मिळालेला वैताग सार्वजनिक चर्चेत आणणे सुलभ झाले, असे निश्चित म्हणता येते.

क्रिमियाचे युद्ध आणि शब्दाचा प्रसार

शब्दाला सर्वाधिक धार आली ती क्रिमियाच्या युद्धात. १८५४-५५ च्या हिवाळ्यात ब्रिटिश सैन्य सेव्हास्तोपोलच्या वेढ्यात अडकले होते. रसद बालाक्लावा बंदरात पोहोचत होती. छावणी तेथून काही मैलांवरच होती. तरीही सैनिक उपासमार, थंडी आणि रोग यांनी मरत होते. त्यांना कॉफीच्या कच्च्या, न भाजलेल्या बिया दिल्या जात. त्या भाजण्याची व दळण्याची सोय नव्हती. सैन्यात स्कर्व्हीचा प्रादुर्भाव झालेला असताना त्यावरील उपाय असलेला सुमारे २०,००० पौंड वजनाचा लिंबूरसाचा साठा डिसेंबर १८५४ मध्ये बंदरात उतरला, परंतु फेब्रुवारीपर्यंत त्याचे वाटप सुरू झाले नाही. साठा देण्याचा अधिकार कोणाचा आणि मागणी कोणी करायची, हे नियमांच्या जंजाळात हरवले होते.

‘द टाइम्स’चे वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल यांच्या वार्तापत्रांमुळे हे वास्तव इंग्लंडमधील घराघरांत पोहोचले. जानेवारी १८५५ मध्ये चौकशी समितीची मागणी करणारा रोबक यांचा ठराव कॉमन्स सभागृहात ३०५ विरुद्ध १४८ मतांनी मंजूर झाला आणि ॲबरडीन यांचे मंत्रिमंडळ पडले. यापूर्वी दिरंगाई हा विनोदाचा विषय होता. आता तो मृत्यूचा विषय झाला. १८५५ मध्ये प्रशासकीय सुधारणेसाठी एक संघटना स्थापन झाली. तिच्या सभेत २७ जून १८५५ रोजी लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात डिकन्स यांनी भाषण केले. त्यात त्यांनी सांगितलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे. इंग्लंडच्या राजकोषात मध्ययुगापासून लाकडी काठ्यांवर खाचा पाडून हिशेब ठेवण्याची पद्धत होती. ती १८२६ मध्ये बंद झाली तेव्हा जुन्या काठ्यांचा ढीग उरला. १८३४ मध्ये त्या काठ्या लॉर्ड्‌स सभागृहाखालील भट्ट्यांत जाळण्यात आल्या आणि त्या आगीत १६ ऑक्टोबर १८३४ रोजी दोन्ही सभागृहे भस्मसात झाली. कालबाह्य पद्धतीला कवटाळून बसल्यास सारी इमारत जळते, हा डिकन्स यांच्या म्हणण्याचा आशय होता. याच सुमारास लिहिलेल्या ‘लिटल डॉरिट’ (१८५५-५७) या कादंबरीतील ‘सर्कमलोक्यूशन ऑफिस’ हे काम कसे करू नये याचे शास्त्र जोपासणारे कल्पित खाते याच अनुभवातून साकारले आहे.

भारतातील कागदी कारभार

ज्या काळात इंग्लंडमध्ये लाल फितीची थट्टा सुरू होती त्याच काळात तिचा कारभार भारतात दृढ होत होता. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार हा दूरवरून कागदाद्वारे चालवलेला कारभार होता. मुंबईहून निघालेले पत्र केप ऑफ गुड होपच्या मार्गाने लंडनला पोहोचण्यास अनेक महिने लागत. अधिकाऱ्याने काय केले आणि का केले, याची तपासणी केवळ लिखित नोंदींच्या आधारेच शक्य होती. १८२३ पासून १८५८ पर्यंत कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरी केलेले तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५२ मध्ये संसदीय समितीपुढे साक्ष देताना भारताचा संपूर्ण कारभार लेखी चालतो, याकडे लक्ष वेधले होते. मिल यांच्या दृष्टीने तो दोष नव्हता. ती उत्तरदायित्वाची हमी होती.

हीच पद्धत पुढे अतिरेकाला गेली. १८९९ मध्ये व्हाइसरॉय म्हणून आलेले लॉर्ड कर्झन टिपण्यांच्या लांबीने आणि खात्याखात्यांतून फिरत राहणाऱ्या फायलींनी त्रस्त झाले होते; फाइलच्या या भ्रमणाची तुलना त्यांनी पृथ्वीच्या दैनंदिन परिभ्रमणाशी केली होती. स्वातंत्र्यानंतर परवान्यांची व्यवस्था विस्तारली तेव्हा चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिला ‘लायसन्स-परमिट राज’ असे नाव दिले. नाव बदलले, तरी फितीचा आशय तोच होता.

तथापि भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, कागद बांधून ठेवण्याची परंपरा इंग्रजांनी आणलेली नाही. मराठेशाहीतील फडणीस, दप्तरदार, चिटणीस ही पदे सुव्यवस्थित लेखी कारभाराची साक्ष देतात. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद कापडात बांधून ठेवलेले असून त्या गाठोड्यांना ‘रुमाल’ म्हणतात. याच दप्तरातून गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड प्रसिद्ध झाले. रुमालांची गाठ घट्ट होती म्हणूनच मराठ्यांचा इतिहास मोठ्या प्रमाणावर मूळ साधनांतून लिहिता आला, हे विसरता येत नाही.

मराठीतील समांतर शब्द

‘लालफीत’ मराठीत आली तेव्हा ती रिकाम्या जागेत आली नाही. या अर्थक्षेत्रात मराठीचे स्वतःचे शब्द होतेच. परंतु प्रत्येकाची छटा भिन्न आहे. ‘भिजत घोंगडे’ हा वाक्प्रचार अनिर्णीत राहिलेल्या कोणत्याही विषयाला लागू पडतो. त्यात कचेरीची अट नाही. ‘कागदी घोडे नाचवणे’ यात प्रत्यक्ष काम न करता लेखी देखावा उभा करणे अभिप्रेत आहे; येथे भर विलंबावर नसून फोलपणावर आहे. ‘खेटे घालणे’ आणि ‘हेलपाटे मारणे’ हे प्रयोग अर्जदाराच्या बाजूने केलेले आहेत. त्यांत कचेरी दिसत नाही, झिजणारी पायताणे दिसतात. ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ या म्हणीत विनोदाबरोबर शरणागतीही आहे. ‘दप्तरी दाखल करणे’ या प्रयोगात प्रकरण नोंदवून बंद करण्याचा शिष्ट मार्ग सूचित होतो. ‘दप्तरदिरंगाई’ हा शब्द या सर्वांत ‘लालफिती’ला सर्वाधिक जवळचा आहे. तो विलंब सांगतो आणि विलंबाचे ठिकाणही सांगतो.

मग अनुवादित शब्दाची आवश्यकता का भासली? याचे उत्तर त्याच्या छटेत सापडते. ‘दप्तरदिरंगाई’त दोष माणसाचा, म्हणजे काम रेंगाळवणाऱ्या कर्मचाऱ्याचा आहे. ‘लालफिती’त दोष पद्धतीचा आहे; कर्मचारी तत्पर असला तरी नियमांची साखळी त्याला थांबवते. शिवाय भारतीय न्यायालये व कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत लाल कापडातील गाठोडी सर्वांच्या परिचयाची असल्यामुळे परकी प्रतिमा येथे उपरी वाटली नाही. ‘नोकरशाही’च्या धर्तीवर ‘लालफीतशाही’ हे रूप सिद्ध झाले, ही शब्द पूर्णपणे पचनी पडल्याची खूण होय.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाने या प्रश्नाला कायद्याचे रूप दिले. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम लोकांत ‘दप्तरदिरंगाईचा कायदा’ म्हणून ओळखला जातो. कोणतीही नस्ती सर्वसाधारणपणे एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहू नये, असे त्यात म्हटले आहे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळण्याचा अधिकार नागरिकाला दिला. लोकांच्या तोंडचा शब्द कायद्याचे नाव व्हावा, ही भाषेच्या सामर्थ्याची नोंद घेण्याजोगी घटना आहे.

फितीची दुसरी बाजू

येथवरच्या विवेचनात लालफीत ही सर्वस्वी निंद्य वस्तू असल्याचे भासेल. परंतु या शब्दाच्या रूढ अर्थात एक पूर्वग्रह दडलेला आहे आणि तो तपासणे आवश्यक आहे. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ हर्बर्ट कॉफमन यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘रेड टेप’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, एका व्यक्तीला जी लालफीत वाटते ती दुसऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने मोलाचे संरक्षण असू शकते. निविदा मागवण्याची अट कंत्राटदाराला अडथळा वाटते. करदात्याला ती आपल्या पैशाची राखण वाटते. निवड समितीची कार्यपद्धती संस्थेला लांबलचक वाटते. वशिला नसलेल्या उमेदवाराचा तो एकमेव आधार असतो. बॅरी बोझमन यांनी १९९३ पासूनच्या आपल्या लेखनात आणखी एक भेद केला. जो नियम पाळण्याचा भार पडतो, परंतु ज्यातून नियमाचा मूळ हेतू साध्य होत नाही, त्यालाच लालफीत म्हणावे, असे त्यांचे म्हणणे आहे. या व्याख्येने प्रत्येक नियमाला सरसकट लालफीत म्हणण्यास आळा बसतो.

दुसऱ्या टोकाला अखिल गुप्ता यांचा ‘रेड टेप’ (२०१२) हा ग्रंथ आहे. उत्तर प्रदेशातील ग्रामीण प्रशासनाच्या अभ्यासावर तो आधारलेला आहे. गरिबांसाठीच्या योजना लेखी व्यवहारावर अवलंबून राहिल्याने ज्याला लिहिता-वाचता येत नाही तोच त्यांपासून कसा वंचित राहतो, हे त्यात दाखवले आहे. कॉफमन यांना दिसलेले संरक्षण सर्वांना सारखे मिळत नाही, ही या ग्रंथाने पुढे आणलेली बाब महत्त्वाची आहे.

कागदाचे मोल बहुधा तो नाहीसा झाल्यावर कळते. २१ जून २०१२ रोजी मुंबईतील मंत्रालयाला लागलेल्या आगीत पाच जणांचा मृत्यू झाला आणि असंख्य नस्ती जळाल्या. त्यानंतर शासनाला अनेक नस्तींची पुनर्बांधणी करावी लागली. डिकन्स यांच्या हकीकतीत निरुपयोगी काठ्यांनी इमारत जाळली. येथे आगीने उपयुक्त कागद जाळले. दोन्ही घटना एकत्र पाहिल्या असता प्रश्नाचे खरे स्वरूप स्पष्ट होते. काय जपावे आणि काय टाकावे, याचा विवेक नसणे हाच मूळ दोष आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ लागू झाल्यानंतर तर नस्तीवरील टिपणी हे नागरिकाच्या हातातील साधन झाले. कोणत्या टेबलावर प्रकरण किती दिवस थांबले, हे सिद्ध करायचे तर आवक-जावक नोंदवहीचाच आधार घ्यावा लागतो. म्हणजे लालफितीविरुद्धचा पुरावाही त्याच फितीत बांधलेला असतो.

महाविद्यालयीन क्षेत्राला हा विचार परका नाही. निवृत्तीनंतर एखाद्या शिक्षकाचे निवृत्तिवेतन सेवापुस्तिकेतील एका त्रुटीमुळे रखडते तेव्हा ‘लालफीत’ हा शब्द ओठांवर येतो आणि तो योग्यही असतो. परंतु तीच सेवापुस्तिका वेळोवेळी नोंदी करून जपलेली असेल तर त्याच शिक्षकाचा हक्क कोणालाही नाकारता येत नाही. त्रुटी काढणारा लिपिक आणि नोंद करण्यात चालढकल करणारी कचेरी यांपैकी दोष कोणाचा, याचे उत्तर ‘लालफीत’ या एका शब्दात मिळत नाही. सर्व दोष फितीवर टाकल्याने ज्याने गाठ मारली तो नामानिराळा राहतो.

समारोप

‘रेड टेप’ या शब्दाचा उगम राजेरजवाड्यांच्या नाट्यमय कथांत नसून सतराव्या शतकापासून वकील व लिपिक वापरत असलेल्या साध्या सुती फितीत आहे. अठराव्या शतकात तिला उपरोधाचा स्पर्श झाला, १८५० च्या सुमारास कार्लाइल व डिकन्स यांनी तिला लोकप्रिय केले आणि क्रिमियाच्या युद्धाने तिला गांभीर्य दिले. मराठीत ती अनुवादाने आली. परंतु दप्तर, रुमाल आणि लाल गाठोड्यांच्या पूर्वपरिचयामुळे येथे रुजली. आज अनेक कचेऱ्यांत संगणकीय नस्तींचा वापर वाढला आहे आणि प्रत्यक्ष फितीचा उपयोग कमी होत आहे. फीत नाहीशी झाली तरी शब्द टिकेल, कारण प्रलंबित प्रकरण पडद्यावर असले तरी प्रलंबितच असते. वाक्प्रचाराचा अर्थ शिकवताना त्याचा इतिहासही शिकवला गेला, तर विद्यार्थ्याला दोन गोष्टींचे भान येईल : प्रत्येक रंजक उगमकथा खरी नसते आणि प्रत्येक गाठ अडवण्यासाठीच मारलेली नसते.